विश्लेषण : फोटो चांगला हवा, पण चेहरा आपलाच हवा! फॉर्मच्या आणि नोकरीच्या फोटोसाठी काय तयारी कराल?

अर्ज भरण्याची मुदत उद्या संपणार असते. मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात गर्दी असते, सर्व्हर अडखळत असतो आणि संगणकापुढचा मुलगा विचारतो, ‘पासपोर्ट फोटो आणलाय का?’ मग मोबाइलच्या गॅलरीत शोधाशोध सुरू होते. मावसभावाच्या लग्नातला फोटो सापडतो, पण त्यात डोक्यावर फेटा असतो. शेवटी शेजारचा स्टुडिओ गाठला जातो. शर्ट घामाने चिकटलेला, दाढी चार दिवसांची, केस वाऱ्याने उडालेले. दहा मिनिटांत फोटो हातात येतो. त्यात चेहरा दोन छटा गोरा झालेला असतो आणि अंगात कधीही न घातलेला कोट असतो.

बीड, गेवराई, माजलगाव, केज, अंबाजोगाई अशा कोणत्याही गावात हे दृश्य दिसते. पोलीस भरती, बँक, नीट, राज्यसेवा यांची तयारी करणारी मुले-मुली जिल्ह्यात घरोघरी आहेत. अभ्यासाला दोन-दोन वर्षे देणारे उमेदवार फोटोला मात्र दोन मिनिटेही देत नाहीत. हा फोटो पुढे हॉल तिकिटावर आणि निवड झाली तर ओळखपत्रावरही दिसतो. त्यासाठी काय तयारी करावी, याचा हा आढावा.

एवढ्याशा फोटोचे एवढे महत्त्व का?

फॉर्मवरच्या फोटोचे काम एकच असते. परीक्षा केंद्राच्या दारात उभी असलेली व्यक्ती आणि अर्ज भरणारी व्यक्ती एकच आहे, हे त्यावरून पटले पाहिजे. डमी उमेदवार रोखण्यासाठी यंत्रणा फोटो आणि प्रत्यक्ष चेहरा ताडून पाहतात. फोटो अस्पष्ट असेल, जुना असेल किंवा ओळखू येणार नाही इतका ‘सुधारलेला’ असेल, तर प्रश्न दारातच उभा राहतो. काही भरत्यांमध्ये सदोष फोटोमुळे अर्जच बाद होतो आणि तोवर मुदत संपलेली असते.

पोलीस भरतीच्या मुलांना याचा वेगळाच त्रास होतो. फॉर्म भरताना चेहरा भरलेला असतो. नंतर काही महिने पहाटे धावणे आणि उन्हात गोळाफेक असा सराव चालतो. मैदानी चाचणीच्या दिवशी तोच चेहरा रापलेला आणि उतरलेला दिसतो. त्यात फॉर्मवरचा फोटो दहावीच्या वेळचा असेल, तर ओळख पटवताना अडचण आलीच. म्हणून पहिला नियम असा, की प्रत्येक मोठ्या अर्जासाठी फोटो ताजा काढावा.

कुठे काय नियम आहेत?

सगळीकडे एकच फोटो चालतो, हा मोठा गैरसमज आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अलीकडच्या वर्षांतल्या सूचनांमध्ये चेहऱ्याने फोटोची तीन चतुर्थांश जागा व्यापलेली असावी, असे म्हटले आहे. परीक्षेच्या प्रत्येक टप्प्यावर उमेदवार फोटोप्रमाणेच दिसला पाहिजे, अशीही अट आहे. फोटोत दाढी असेल तर पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखतीलाही दाढी हवी. चष्मा आणि मिशीलाही हेच लागू आहे.

कर्मचारी निवड आयोगाने २०२४ पासून अर्ज भरतानाच कॅमेऱ्यासमोर थेट फोटो घेण्याची पद्धत आणली. तिथे टोपी आणि चष्मा काढून बसावे लागते. म्हणजे रोज चष्मा लावणाऱ्या उमेदवाराने एका ठिकाणी तो ठेवायचा आणि दुसऱ्या ठिकाणी काढायचा आहे! ‘नीट’साठी पांढऱ्या पार्श्वभूमीवर, कानांसह ८० टक्के चेहरा दिसणारा फोटो मागितला जातो. अर्जात चढवलेल्याच फोटोची प्रत परीक्षेच्या दिवशी हजेरीपत्रकावर चिकटवण्यासाठी न्यावी लागते. बँक भरतीच्या ‘आयबीपीएस’ अर्जात फोटोची फाइल २० ते ५० केबी एवढीच चालते. गॉगल आणि टोपी चालत नाही. चष्म्यावर उजेडाची चमक नको आणि डोळे स्पष्ट दिसायला हवेत, असे तिथे स्पष्ट लिहिलेले असते.

पासपोर्टसाठी मोठ्या माणसांचा फोटो सेवा केंद्रातच काढला जातो. त्यामुळे त्या दिवशी घरातून तयार होऊनच निघावे लागते. चार वर्षांखालील मुलांचा मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीचा ४.५ बाय ३.५ सेंटीमीटरचा फोटो सोबत न्यावा लागतो. अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा चालत नाही.

निवडणूक लढवणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. मतदान यंत्रावरील मतपत्रिकेसाठी उमेदवाराने २ बाय २.५ सेंटीमीटरचा, गेल्या तीन महिन्यांत काढलेला, कॅमेऱ्याकडे सरळ पाहणारा फोटो द्यावा, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने हे फोटो रंगीत आणि चेहरा फोटोची तीन चतुर्थांश जागा व्यापेल असे छापण्याचे ठरवले. चौकातल्या फ्लेक्सवर दहा वर्षांपूर्वीचा फोटो चालून जातो, मतपत्रिकेवर चालत नाही.

नियम दर वर्षी थोडेफार बदलतात. त्यामुळे स्टुडिओत जाण्यापूर्वी त्या वर्षीच्या जाहिरातीतला फोटोबद्दलचा परिच्छेद वाचावा आणि त्याचा स्क्रीनशॉट फोटोग्राफरला दाखवावा.

फॉर्मचा फोटो आणि नोकरीचा प्रोफाइल फोटो यांत फरक काय?

पुण्यातली कंपनी, रुग्णालयाची वेबसाइट, वकिलाचे किंवा विमा प्रतिनिधीचे व्हिजिटिंग कार्ड, लिंक्डइनचे खाते या ठिकाणी लागणारा फोटो वेगळा असतो. इंग्रजीत त्याला ‘हेडशॉट’ म्हणतात. छातीपासून वरचा भाग, साधी पार्श्वभूमी आणि चेहऱ्यावर ठळक उजेड एवढे त्यात साम्य आहे. फॉर्मच्या फोटोत चेहरा सरळ आणि भाव शांत हवा. प्रोफाइलच्या फोटोत खांदे थोडे तिरके चालतात आणि हलके हसूही चांगले दिसते. समोरच्याला ‘या माणसाशी बोलावे’ असे वाटणे, हा त्याचा हेतू असतो.

स्टुडिओत बसलाच आहात, तर दोन्ही प्रकारचे फोटो एकाच बैठकीत काढून घ्या. आधी फॉर्मचा, मग खांदे किंचित वळवून प्रोफाइलचा. तयारी एकच लागते, फेरी वाचते.

तयारी किती दिवस आधी सुरू करावी?

आठवडाभर आधी सुरुवात केली तर घाई होत नाही. केस फोटोच्या चार-पाच दिवस आधी कापावेत. त्याच दिवशी कापले तर कानांमागची आणि मानेवरची कातडी पांढरट दिसते. केसांना रंग लावायचा असेल तर तोही तीन-चार दिवस आधी लावावा, म्हणजे कपाळावरचे डाग निघून जातात. भुवयांचे थ्रेडिंग दोन दिवस आधी करावे. त्याने येणारी लाली तोवर उतरते.

फोटोच्या आठवड्यात नवीन क्रीम, ब्लीच किंवा कधी न केलेले फेशियल यांच्या वाटेला जाऊ नये. एखाद्याच्या त्वचेला ते सोसत नाही आणि नेमक्या दिवशी पुरळ उठते. पुरळ आलेच तर फोडू नये. फोड बसतो, पण खूण राहते.

दाढीचा निर्णय आधी घ्यावा. ठेवायची तर कडा नीट कोरून घ्याव्यात, काढायची तर त्या दिवशी सकाळी काढावी. फोटोत जी ठेवाल तीच परीक्षेपर्यंत ठेवता येईल का, याचाही विचार करावा. आदल्या रात्री झोप पुरेशी घ्यावी. जागरणाने डोळे सुजतात आणि ती सूज कोणतीही पावडर झाकू शकत नाही.

त्या दिवशी चेहरा साध्या पाण्याने धुवावा आणि ओठांना थोडे तूप किंवा व्हॅसलिन लावावे. उन्हातून दुचाकीवर आला असाल तर लगेच कॅमेऱ्यासमोर बसू नये. दहा मिनिटे पंख्याखाली थांबावे, रुमालाने कपाळ, नाक आणि हनुवटी टिपून घ्यावी. घासू नये, टिपावे. तेलकट चेहऱ्यावर फ्लॅश पडला की पांढरे चकाकते डाग दिसतात. पावडर लावायचीच तर अगदी हलकी लावावी. काही सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असते. ते फ्लॅशचा उजेड परतवतात आणि चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. असे सनस्क्रीन फोटोआधी धुऊन टाकलेले बरे.

कपडे कोणते घालावेत?

पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरा शर्ट घालू नये. खांद्यांच्या कडा पडद्यात मिसळतात आणि डोके हवेत तरंगल्यासारखे दिसते. निळा, मरून, गर्द हिरवा, राखाडी असे एकरंगी कपडे चांगले. अगदी बारीक रेघांचे किंवा बारीक चौकडीचे कापड टाळावे. छोट्या आकारात त्यावर लहरी उमटतात. मोठी अक्षरे किंवा चित्रे असलेला टी-शर्ट तर नकोच.

फोटोत दिसते ती फक्त कॉलर आणि खांदे, म्हणून इस्त्री तिथे नीट हवी. कॉलर सैल असेल तर मान बारीक दिसते, आवळ असेल तर गळ्याला वळ्या पडतात. कोट घालायचा असेल तर खांद्याची शिवण स्वतःच्या खांद्याच्या टोकावर यायला हवी. स्टुडिओत खुंटीला टांगलेला कोट सगळ्यांच्या मापाचा नसतो. तो मोठा होत असेल तर साधा इस्त्रीचा शर्ट त्याहून उत्तम. अनेक ठिकाणी संगणकावर मानेखाली तयार कोट चिकटवून देतात. गळ्याशी त्याची कड लगेच ओळखू येते. परीक्षेच्या अर्जासाठी तो नकोच म्हणावे.

साडी असेल तर पदराच्या निऱ्या खांद्यावर पिनने बसवाव्यात. फार चमकणारा काठ चेहऱ्याजवळ येऊ देऊ नये. पंजाबी ड्रेसची ओढणी दोन्ही खांद्यांवर सारखी असावी.

चष्मा, टिकली, दागिने, हिजाब, टोपी यांचे काय?

चष्मा ठेवायचा असेल तर काचा पुसून घ्याव्यात. चमक येत असेल तर कानांवरच्या काड्या किंचित वर उचलाव्यात, म्हणजे काचा खाली झुकतात आणि दिव्याचे प्रतिबिंब निघून जाते. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर सावलीत काही मिनिटे थांबून त्या स्वच्छ होऊ द्याव्यात.

टिकली, मंगळसूत्र, छोटी चमकी रोज घालत असाल तर फोटोतही असू द्या. रोज ओळखणाऱ्याला तुम्ही तशाच दिसता. मोठे झुमके किंवा कपाळावर येणारी बिंदी मात्र चेहऱ्याचा भाग झाकते. केस कपाळावरून आणि कानांवरून मागे घ्यावेत.

हिजाब किंवा पगडीसारखा धार्मिक पेहराव अनेक अर्जांत चालतो, पण हनुवटीपासून कपाळापर्यंत पूर्ण चेहरा दिसला पाहिजे आणि त्याची सावली चेहऱ्यावर पडता कामा नये. ओढणी थोडी मागे सारून, कडेला पिन लावून हे साधते. ज्येष्ठांची गांधी टोपी ही रोजची ओळख असली, तरी फॉर्मच्या फोटोसाठी ती काढावी लागते. त्यामुळे आजोबांचा फोटो काढायला जाताना कंगवा बरोबर न्यावा. टोपीचा वळ कपाळावर राहतो, तो जायला पाच-दहा मिनिटे द्यावीत.

स्टुडिओत ‘गोरे’ करून घ्यावे का?

या सगळ्यात सर्वाधिक नुकसान करणारी सवय हीच आहे. ‘जरा क्लीन करून द्या’ असे आपणच म्हणतो, किंवा न सांगताही केले जाते. त्वचा गुळगुळीत होते, रंग उजळतो, तीळ आणि व्रण पुसले जातात. प्रत्यक्षात तीळ, व्रण, नाकाची ठेवण, भुवयांचा आकार यांवरूनच माणूस ओळखू येतो. अर्जात ‘ओळखचिन्ह’ म्हणून गालावरचा तीळ लिहायचा आणि फोटोतून तोच पुसायचा, असा विरोधाभास त्यातून तयार होतो.

सावळ्या चेहऱ्याचा फोटो काळपट येतो, अशी तक्रार असते. त्यात दोष रंगाचा नसून कॅमेऱ्याच्या हिशेबाचा असतो. कॅमेरा चौकटीतल्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. मागे पांढराशुभ्र पडदा असला की त्याला दृश्य फार उजळ वाटते आणि तो एकूण उजेड कमी करतो. पडदा राखाडी होतो आणि चेहरा काळोखात जातो. यावर उपाय म्हणजे चेहऱ्यावर दिवा वाढवणे किंवा कॅमेऱ्याचे एक्स्पोजर थोडे चढवणे. मोबाइलवर पडद्यावरच्या चेहऱ्यावर बोट ठेवले की फोन चेहऱ्याप्रमाणे उजेड ठरवतो. मग सावळा चेहरा सावळाच, पण स्पष्ट आणि तजेलदार येतो.

म्हणून फोटोग्राफरला आधीच सांगावे, ‘रंग बदलू नका, उजेड वाढवा.’ शर्टवरचा धागा काढणे किंवा पडद्यावरची सुरकुती पुसणे यात काही वावगे नाही. चेहऱ्याला मात्र हात लावू देऊ नये. मोबाइलच्या कॅमेऱ्यातला ‘ब्यूटी’ मोडही बंद करावा. अनेक फोनमध्ये तो आपोआप सुरू असतो.

कॅमेऱ्यासमोर कसे बसावे?

स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावे, म्हणजे पाठ आपोआप ताठ राहते. दीर्घ श्वास घ्यावा आणि सोडताना खांदे सैल सोडावेत. हनुवटी किंचित पुढे आणि किंचित खाली ठेवावी. वर केली तर नाकपुड्या दिसतात, फार खाली केली तर गळ्याशी घडी पडते. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर असावा.

‘क्लिक’च्या वेळी डोळे मिटतात, अशी तक्रार असेल तर एक साधी युक्ती आहे. डोळे मिटून बसावे, फोटोग्राफरने तीन म्हटले की उघडावेत. अवघडलेपणा वाटत असेल तर पहिले चार-पाच फोटो सरावाचे समजावेत. एकाच फोटोवर उठू नये. स्क्रीनवर मोठा करून पाहावा. दोन्ही डोळे उघडे आहेत का, कॉलर सरळ आहे का, चष्म्यावर चमक आहे का, मागे सावली आहे का, हे चार मुद्दे तपासावेत आणि मगच पैसे द्यावेत.

स्टुडिओ जवळ नसेल तर?

बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्याबरोबर शिकणारी मुलेही असतात. अर्जाची मुदत अनेकदा ते फडावर असतानाच येते आणि जवळ असतो फक्त आई-वडिलांचा मोबाइल. अशा वेळी फोनवरही नियमात बसणारा फोटो निघू शकतो. अर्थात, गाव सोडण्यापूर्वी ताजा फोटो काढून ठेवणे सर्वांत सोयीचे.

फोनवर काढायचा असेल तर भर दुपार टाळावी. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली आणि नाकाखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळी किंवा उतरत्या दुपारी कोपीच्या, झाडाच्या किंवा शाळेच्या व्हरांड्याच्या सावलीत, तोंड उघड्या आभाळाकडे करून उभे राहावे. मागे धुतलेले पांढरे धोतर किंवा चादर ताणून बांधावी. तिच्यापासून दोन-तीन हात पुढे उभे राहिले की मागे सावली पडत नाही.

सेल्फी काढू नये. फोन जवळ धरला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. दुसऱ्याने चार-पाच फूट अंतरावरून, मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढावा आणि नंतर बाजू कापाव्यात. आधी लेन्स सुती कापडाने पुसावी. दिवसभर हाताळलेल्या फोनच्या लेन्सवर बोटांचे तेल असते आणि फोटो धुकट येतो.

फोटो काढल्यानंतर काय जपावे?

स्टुडिओतून फक्त छापील प्रती घेऊन येऊ नये, मूळ फाइलही मागावी. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्याचा दर्जा उतरतो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावा. छापील फोटोचा मोबाइलने पुन्हा फोटो काढून अर्जात चढवणे हे तर टाळायलाच हवे. त्यात चमक, तिरपेपणा आणि अस्पष्टपणा हे तिन्ही दोष एकदम येतात.

अर्जासाठी केबी कमी करताना मूळ फाइलला हात लावू नये, तिची प्रत करून त्यावर काम करावे. फाइलच्या नावात महिना आणि वर्ष लिहावे, म्हणजे पुढच्या अर्जाच्या वेळी फोटो किती जुना आहे हे लगेच कळते. त्याच फोटोच्या आठ-दहा प्रती पाकिटात घालून हॉल तिकिटाबरोबर ठेवाव्यात. अर्ज पाठवण्यापूर्वी ‘प्रिव्ह्यू’मध्ये फोटो उलटा, ताणलेला किंवा दुसऱ्याच कुणाचा तर नाही ना, हेही पाहावे. एकाच संगणकावर दिवसभर शेकडो अर्ज भरले जातात तिथे फोटोंची अदलाबदल होऊ शकते.

शेवटी एक सोपी कसोटी. फोटो घरी आणल्यावर आजीला किंवा शेजारच्या लहान मुलाला दाखवा. त्यांनी क्षणात ‘हा तर आपला अमुक’ म्हटले, तर फोटो अर्जात चढवायला हरकत नाही. ते थबकले, तर मुदत संपण्याआधी दुसरा काढून घ्या.